रक्त, हिराकस आणि प्रशियन ब्ल्यू

सन 1700 च्या सुमारास युरोपातल्या चित्रकाराला गडद निळा हवा असला की त्याच्यापुढे चार वाटा असत आणि चारही अडचणीच्या. पहिली अल्ट्रामरीनची. अफगाणिस्तानात बदख्शानच्या डोंगरात सर-ए-संग नावाची खाण आहे. तिथला लाजवर्द दगड कुटायचा, त्याची पूड मेण आणि राळेच्या गोळ्यात मळायची आणि तो गोळा राखेच्या पाण्यात दाबत दाबत त्यातून निळे कण सोडवायचे. हाती येणारा रंग अप्रतिम, पण भाव असा की चर्चसाठी चित्र करवून घेणारा यजमान मेरीच्या झग्याला कोणत्या प्रतीचा निळा वापरायचा हे करारातच लिहून घेई. दुसरी वाट अझुराइट या तांब्याच्या खनिजाची. ते बारीक वाटले की फिके पडते आणि जाडसर ठेवले की ब्रशखाली खरखरते. तिसरी स्माल्ट, म्हणजे कोबाल्ट घातलेल्या काचेची पूड. तेलात कालवली की पुढे काळाबरोबर राखाडी होते. चौथी आपली नीळ. कापडावर तिला तोड नव्हती, पण चित्रात पातळ लावली की उजेडाने ती उडू लागे.

म्हणजे चांगला निळा महाग होता आणि स्वस्त निळा टिकत नव्हता. रंगांच्या इतिहासावर लिहिणारे बहुतेक जण श्रद्धा, राजवैभव, मनावर होणारा परिणाम यांबद्दल भरभरून लिहितात. माझे मत जरा रुक्ष आहे. निळ्याच्या बाबतीत सगळ्यात मोठी उलथापालथ बाजारभावाने केली आणि ती करणारा रंग म्हणजे प्रशियन ब्ल्यू.

तो जन्मला बर्लिनमध्ये, 1706 च्या आसपास, आणि कोणीही त्याच्या शोधात नसताना. योहान याकोब डीसबाख नावाचा रंग बनवणारा कारागीर कोचिनील किड्यापासून लाल रंग करत होता. कृती ठरलेली होती: किड्यांच्या काढ्यात तुरटी आणि हिराकस घालायचे, मग पोटॅश घालून रंगाचा साका खाली बसवायचा. त्या दिवशी त्याच्याकडचा पोटॅश संपला होता. त्याने तो योहान कोनराड डिपेलकडून घेतला. हा डिपेल किमयागार, धर्मपंडित आणि वैदू असा सगळाच होता. जनावरांच्या रक्तापासून ऊर्ध्वपातनाने तो एक दुर्गंधी तेल काढी आणि सर्व रोगांवरचे औषध म्हणून विकी. डीसबाखला मिळालेला पोटॅश त्याच कामात वापरून झालेला, खराब झालेला होता. लाल साका नेहमीपेक्षा फिका आला. डीसबाखने तो दाट करायचा प्रयत्न केला, तसा तो आधी जांभळा आणि मग गडद निळा झाला.

ही हकिकत रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग एर्न्स्ट श्टाल याने 1731 मध्ये, म्हणजे घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी छापली, तेव्हा तिला थोडा मीठमसाला लागलेला असणे शक्य आहे. रसायन मात्र तिच्या बाजूने साक्ष देते. रक्त आणि पोटॅश एकत्र तापवले की रक्तातला कार्बन, नायट्रोजन आणि लोह यांच्यापासून पोटॅशियम फेरोसायनाइड तयार होते. त्याची गाठ हिराकशीतल्या लोहाशी पडली आणि हवेतला ऑक्सिजन लागला की जो पदार्थ बनतो, तोच हा निळा. (डिपेलचा जन्म 1673 मध्ये जर्मनीतल्या फ्रांकेनश्टाइन किल्ल्यात झाला. त्यावरून मेरी शेलीच्या कादंबरीशी त्याचे नाते जोडणारे पुष्कळ आहेत. गोष्ट म्हणून बरी आहे, पुरावा म्हणाल तर कच्चा.)

पुढची सतरा-अठरा वर्षे कृती गुप्त राहिली. तिचा व्यवहार बघत होता योहान लेओनहार्ट फ्रिश, बर्लिनमधला शाळामास्तर आणि किड्यांचा अभ्यासक. 1708 मध्ये त्याने तत्त्वज्ञ लायब्निट्सला लिहिलेल्या पत्रांत या रंगाचा उल्लेख येतो. 1710 मध्ये बर्लिनच्या विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकात या रंगावर एक निनावी लॅटिन टिपण छापून आले. त्यात रंगाचे गुण सगळे आहेत: उजेडात उडत नाही, आम्लाने बिघडत नाही, अल्ट्रामरीनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. कृतीचा मात्र एक शब्द नाही. आज वाचताना ते सरळसरळ जाहिरातीसारखेच वाटते. 1724 मध्ये जॉन वुडवर्ड या इंग्रज अभ्यासकाने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात कृती छापून टाकली आणि बर्लिनची मक्तेदारी संपली. त्या कृतीत लागत होते बैलाचे वाळवलेले रक्त. पुढे कारखानदार खूर, शिंगे, चामड्याचे तुकडे असे जे मिळेल ते भट्टीत घालू लागले. खाटीकखान्यातला टाकाऊ माल आणि हिराकस यांतून निळा निघू लागल्यावर त्याचा भाव बदख्शानच्या खाणीवर अवलंबून राहण्याचे कारणच उरले नाही.

नावाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. प्रशियाच्या सैनिकांचे डगले निळे होते, म्हणून रंगाला हे नाव पडले, असे सांगितले जाते. पण ते डगले या रंगाच्या जन्माआधीपासूनच निळे होते. शिवाय हे रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही. त्याने कापड रंगवण्याची खात्रीची रीत बसायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. फ्रिशने प्रशियाचे नाव दिले ते रंग तिथे तयार झाला म्हणून आणि कदाचित राजदरबारी बरे दिसावे म्हणूनही.

चित्रकारांनी तो लगेच उचलला. पीटर व्हान डेर वेर्फ या डच चित्रकाराने 1709 मध्ये ख्रिस्ताच्या दफनाचे चित्र केले. ते आज पोट्सडामला सांसूसीच्या चित्रदालनात आहे आणि प्रशियन ब्ल्यू वापरलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात चित्रांत गणले जाते. पॅरिसमध्ये वातोने तो वापरला, व्हेनिसमध्ये कानालेत्तोने आभाळासाठी. दोनशे वर्षांनी पिकासोच्या निळ्या कालखंडातल्या त्या खिन्न, थंड चित्रांतही तो आहे.

आता रंगद्रव्याकडे जरा जवळून पाहू. प्रशियन ब्ल्यूच्या स्फटिकात लोहाचे अणू दोन अवस्थांत असतात, काहींवर दोन धनभार आणि काहींवर तीन. दोघांच्या मध्ये कार्बन-नायट्रोजनचा दुवा. प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन या लोहावरून त्या लोहावर उडी मारतो आणि त्या उडीला लागणारी ऊर्जा तो नारिंगी-तांबड्या प्रकाशातून घेतो. तांबडा गिळला गेल्यावर आपल्या डोळ्यापर्यंत निळा उरतो. ही रचना नक्की कशी आहे हे क्ष-किरणांच्या मदतीने समजायला 1970 चे दशक उजाडले. म्हणजे पावणेतीनशे वर्षे लोक हा रंग आत काय चालले आहे ते न कळताच बनवत होते.

डिझाइनच्या दृष्टीने त्याचे दोन गुण महत्त्वाचे. एक, त्याची रंगवण्याची ताकद भयंकर आहे. कण अतिशय बारीक असल्याने पांढऱ्यात थेंबभर पडला तरी सगळा पांढरा निळा होतो. पॅलेटवर शेजारच्या पिवळ्यात त्याचे बोट लागले तर तो पिवळा गेलाच म्हणून समजा. दुसरा, दाट लावला तर तो जवळजवळ काळा दिसतो, पातळ केला तर किंचित हिरवट छटेचा स्वच्छ निळा. मधल्या सगळ्या पायऱ्या त्याच एका रंगातून निघतात, दुसरे काही मिसळावे लागत नाही. एकाच डबीत काळोखापासून पहाटेपर्यंत सगळे, आणि तेही परवडणाऱ्या दरात. एकरंगी निळ्या डिझाइनची जी परंपरा पुढे जगभर दिसते, तिचे मूळ मला इथे दिसते.

दोषही सांगायला हवा: अल्कली त्याला सोसत नाही. चुन्याच्या ओल्या भिंतीवर लावला तर त्याचे गंजासारखे तपकिरी डाग उरतात. अमेरिकेत कपड्यांना द्यायच्या निळीत हाच रंग वापरला जाई. तिथे साबण नीट धुऊन काढला नाही तर पांढऱ्या कपड्यावर गंजाचे ठिपके उमटत. आपल्या घरात येणारी निळीची पूड ही बहुधा कृत्रिम अल्ट्रामरीनची, तिला ही खोड नाही. दोन्ही निळ्या, म्हणून त्यांना एक समजू नये.

या रंगाची सर्वांत मोठी कामगिरी मात्र युरोपात झाली नाही. ती झाली जपानमध्ये, जेव्हा जपानची दारे परक्यांना जवळजवळ बंद होती. नागासाकीच्या बंदरातून डच आणि चिनी व्यापाऱ्यांना तेवढा शिरकाव होता. डचांनी आणलेला प्रशियन ब्ल्यू अठराव्या शतकात तिथे पोचला होता. इतो जाकुचू या चित्रकाराने 1760 च्या दशकातच तो वापरलेला आहे. पण तो मूठभर श्रीमंतांचा माल होता. लाकडी ठशांची चित्रे छापणाऱ्यांना तो परवडत नव्हता, कारण ती चित्रे सामान्य शहरी माणसाने सहज विकत घ्यावीत अशा किमतीची असत. त्यांच्याकडे निळे दोनच: नीळ आणि एका रानफुलाचा रस. रानफुलाचा निळा इतका नाजूक की दमट हवेनेही जाई. जुन्या जपानी चित्रांत आज जी आभाळे आणि नद्या पिवळट दिसतात, त्यातल्या अनेक मुळात निळ्या होत्या.

1820 च्या दशकात चीनमध्ये कँटनला प्रशियन ब्ल्यू तयार होऊ लागला आणि नागासाकीत भाव कोसळला. जपान्यांनी त्याला नाव दिले 'बेरो-आइ', म्हणजे बर्लिनची नीळ. 1829 मध्ये केइसाइ एइसेन या चित्रकाराने पंख्यांवर लावायची चित्रे केवळ निळ्यात काढली आणि ती खपली. ते पाहून निशिमुराया योहाची या प्रकाशकाने फुजी पर्वताची निळ्या रंगातली चित्रमालिका काढायचे ठरवले. चित्रकार निवडला कात्सुशिका होकुसाइ, वय तेव्हा सत्तरीचे. 1831 च्या सुरुवातीला या मालिकेची जाहिरात छापली गेली. त्यात चित्रे निळ्यात छापलेली आहेत हे मुद्दाम सांगितले होते. आजच्या भाषेत, रंग हाच त्या मालाचा विक्रीचा मुद्दा होता. कानागावाची ती प्रचंड लाट, जी आता टीशर्टपासून कॉफीच्या मगापर्यंत सगळीकडे दिसते, याच मालिकेतली. मालिकेचे नाव 'फुजीची छत्तीस दृश्ये'. खप पाहून प्रकाशकाने आणखी दहा जोडली. पहिल्या छत्तिसांची बाह्यरेषा निळी आहे, नंतरच्या दहांची काळी. आणि संग्रहालयांनी केलेल्या तपासणीत असे दिसले की लाटेच्या रेषांमध्ये प्रशियन ब्ल्यूबरोबर देशी नीळही मिसळलेली आहे. म्हणजे नवा रंग आला म्हणून छापणाऱ्याने जुना फेकला नाही. रेषेला जो गंभीरपणा हवा होता तो दोघांच्या मिश्रणातून मिळवला.

छापण्याची रीत पाहिली की हा रंग तिथे इतका का रुळला ते कळते. जपानी ठशाला तेलाची शाई नसते. रंग पाण्यात कालवतात आणि त्यात भाताची खळ घालतात. आकाश खाली फिके आणि वर गडद हवे असेल, तर छापणारा ओल्या फडक्याने ठशाचा काही भाग भिजवतो, वरच्या कडेला रंग ठेवतो आणि रुंद ब्रश आडवा फिरवतो. कोरड्या बाजूला रंग गडद राहतो, ओल्या बाजूकडे पातळ होत जातो. मग ओलसर कागद त्यावर ठेवून पाठीमागून गोल दाबणीने घासायचा. या छटेला 'बोकाशी' म्हणतात, आणि ती ठशात कोरलेली नसते. दर कागदागणिक हाताने नव्याने करावी लागते. बारीक कणांचा, पाण्यात सहज पसरणारा आणि पातळ झाला तरी स्वच्छ राहणारा रंग या कामाला हवा होता. हिरोशिगेच्या निसर्गचित्रांत वरच्या कडेला जो गडद निळा पट्टा असतो, तो पाहताना दाद चित्रकाराइतकीच त्या नाव न ठेवता गेलेल्या छापणाऱ्याला द्यावी.

चीनमध्ये स्वस्त झालेल्या या रंगाचा एक उद्योग मात्र अगदी वेगळा होता. पाश्चात्त्य गिऱ्हाइकाला हिरवा चहा चांगला हिरवागार दिसायला हवा असे, म्हणून तिथले कारखानदार पाने भाजताना त्यांवर जिप्सम आणि प्रशियन ब्ल्यूची पूड टाकत. चहाची रोपे पळवून हिंदुस्थानात आणणारा रॉबर्ट फॉर्च्युन 1840 च्या दशकाअखेर हे डोळ्यांनी पाहून आला. कामगारांचे हात निळे झालेले होते. त्याने हिशेब मांडला की शंभर पौंड हिरव्या चहामागे अर्ध्या पौंडाहून जास्त जिप्सम आणि निळा पिणाऱ्याच्या पोटात जातो. चिनी लोक स्वतः असला चहा पीत नसत, हे वेगळे सांगायला नको.

इकडे इंग्लंडमध्ये 1842 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने रंग न लावता निळे चित्र उमटवण्याची युक्ती काढली. लोहाचा एक क्षार आणि पोटॅशियम फेरिसायनाइड पाण्यात कालवून कागदावर लावायचे, अंधारात वाळवायचे, वर एखादी वस्तू ठेवून उन्हात धरायचे आणि साध्या पाण्याने धुवायचे. जिथे ऊन पडले तिथे कागदातच प्रशियन ब्ल्यू तयार होतो. जिथे सावली होती तिथले रसायन धुऊन जाते आणि पांढरे उरते. ही सायनोटाइप. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या वनस्पती-अभ्यासक बाईंनी समुद्रशेवाळांचे नमुने असे उन्हात ठेवून चित्रे काढायला आणि त्यांची पुस्तिका बांधायला सुरुवात केली. 1853 पर्यंत काम चालले. छायाचित्रांनी सजलेले पहिले पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. शेवाळाचे नाजूक पांढरे जाळे आणि मागे खोल निळा. समुद्राच्या वनस्पतीला समुद्राचा रंग आपसूक मिळाला.

हर्शेलची युक्ती पैसे मिळवू लागली 1870 च्या दशकात, तयार कागद बाजारात आल्यावर. तोवर इमारतीचा किंवा इंजिनाचा नकाशा दहा ठिकाणी पाठवायचा तर कारकून दहा वेळा तो हाताने गिरवत. आता ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईने एकदा काढायचा, तो या कागदावर ठेवून काचेच्या चौकटीत आवळायचा, चौकट उन्हात ठेवायची आणि कागद धुऊन दोरीवर वाळत घालायचा. निळ्यावर पांढऱ्या रेषा, हव्या तितक्या प्रती. हीच ब्ल्यूप्रिंट. धुतल्या-वाळवल्यावर कागद आखडे, म्हणून नकाशावर पट्टी लावून माप घेऊ नये, लिहिलेला आकडा धरावा, अशी सूचना असे. आणि छापून झालेल्या नकाशात काही बदल करायचा झाला तर? ड्राफ्ट्समन धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बोरू बुडवून लिहीत. अल्कलीने निळा उडून पांढरी रेषा उमटे. रंगाचा दोष असा लेखणीला उपयोगी पडला.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ही रीत मागे पडली. तिची जागा घेतली डायझो पद्धतीने, जिला आपल्याकडे अमोनिया प्रिंट म्हणत. तिच्यात पांढऱ्यावर निळ्या रेषा येत आणि दुकानात शिरताच नाक झोंबे. खऱ्या अर्थाने ती ब्ल्यूप्रिंट नव्हेच, पण नाव तेच चिकटले आणि प्लॉटर आल्यावरही सुटले नाही. आज राजकीय पक्ष 'विकासाची ब्ल्यूप्रिंट' जाहीर करतात. तिच्यात निळे काही नसते आणि बरेचदा नकाशाही नसतो.

आयटीआयला फिटर ट्रेड केलेल्या कुणालाही प्रशियन ब्ल्यू ओळखीचा असतो, आणि तोही चित्रकलेशी संबंध न येता. सरफेस प्लेटवर तेलात कालवलेल्या या निळ्याचा अगदी पातळ थर बोटाने फिरवायचा आणि घडवलेला जॉब त्यावर पालथा घासायचा. पृष्ठभाग सपाट वाटला तरी जिथे जिथे उंचवटा आहे तिथेच निळा लागतो. ते ठिपके स्क्रेपरने खरवडायचे, पुसायचे, पुन्हा घासायचे. ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत हे चालते. व्हॉल्व्ह नीट बसतो की नाही तेही असेच पाहतात. कारखान्यात त्याला 'ब्ल्यू मॅचिंग' म्हणतात. केसाच्या जाडीपेक्षा बारीक फरक दाखवायला थर तितकाच पातळ आणि तरीही ठळक दिसणारा हवा. चित्रकाराला त्रास देणारी रंगाची ताकद इथे कामी येते.

औषधाचे थोडक्यात. सीझियम आणि थॅलियम यांना हा स्फटिक आपल्या जाळीत पकडतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. 1987 मध्ये ब्राझीलच्या गोइयानिया शहरात भंगारात आलेल्या किरणोत्सारी सीझियमने माणसे बाधित झाली, तेव्हा रुग्णांना हाच निळा दिला गेला. शरीरातले सीझियम निम्मे व्हायला एरवी सुमारे 110 दिवस लागतात, या औषधाने ते सुमारे 30 वर येतात. 2003 मध्ये अमेरिकेने त्याच्या कॅप्सूलला मान्यता दिली. सायनाइड गट असलेला रंग विषावर उतारा कसा, असे कुणाला वाटेल. तो गट लोहाला इतका घट्ट बांधलेला असतो की पोटात सुटत नाही. आम्लात घालून उकळला तर मात्र सुटतो. 1782 मध्ये शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तसे करूनच हायड्रोजन सायनाइड मिळवले, तेव्हा घरी प्रयोग नको.

रंगाच्या व्यवसायात त्याची सद्दी 1935 नंतर ओसरली. त्या वर्षी थॅलोसायनिन ब्ल्यू बाजारात आला: तितकाच ताकदवान, अल्कलीलाही न घाबरणारा. आज चार रंगांच्या छपाईत जो सायन असतो तो या नव्या घराण्यातला. नावही मागे पडत गेले. 1958 मध्ये क्रेयोला कंपनीने आपल्या खडूचे नाव 'प्रशियन ब्ल्यू'वरून 'मिडनाइट ब्ल्यू' केले, कारण प्रशिया म्हणजे काय हे आता मुलांना माहीत नाही अशी शिक्षकांची तक्रार होती. महाराष्ट्रात नाव टिकले ते एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देणाऱ्यांमुळे. कॅमलच्या डबीतली ती ट्यूब वापरून रात्रीचे आभाळ न रंगवलेला विद्यार्थी विरळा.

आता पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी. संगणकावर प्रशियन ब्ल्यूसाठी तांबडा 0, हिरवा 49, निळा 83 हे आकडे रूढ आहेत. ते दाट लावलेल्या रंगाचे आहेत. पातळ थरातली हिरवट पारदर्शकता एका आकड्यात मावत नाही, म्हणून डिझाइन करताना या गडदाबरोबर त्याचीच दोन-तीन पातळ रूपे घ्यावीत. होकुसाइच्या लाटेत ती तशीच आहेत. आणि शेजारी शुद्ध पांढऱ्याऐवजी कागदाचा मळकट पांढरा ठेवावा.

हाताने रंगवणाऱ्यांनी ट्यूब घेताना तिच्या पाठीवरचे बारीक अक्षर वाचावे. पीबी 27 लिहिले असेल तर आत लोहाचा खरा प्रशियन ब्ल्यू आहे. पीबी 15 लिहिले असेल, किंवा नावापुढे 'ह्यू' असेल, तर बहुधा थॅलोचे मिश्रण आहे. ते वाईट नाही, पण त्यात पाणी घालत गेल्यावर उतरणारी छटा वेगळी असते.